आर थ्री दोनदा गेलं

माझ्या कामाला धड नाव नाही. कोणी विचारलं तर नवरा सांगून मोकळा होतो, "कॉम्प्युटरवर नकाशे काढते." मी नकाशे काढत नाही. काढणारे वेगळे, पंचविशीतले, कानात ती इयरफोनची बोंडं घालून बसलेले. मी ड्रॉइंग सोडते. अंधेरीच्या आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसातून कुठलं ड्रॉइंग, कितव्यांदा बदलून, कोणत्या तारखेला, कोणाला गेलं, हे सांभाळणं माझं काम. साधं वाटतं ना? करून बघा.

पूर्वी हे सगळं वहीत होतं, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक छोटा तक्ता असतो. नंबर, तारीख, काय बदललं, कोणी पाठवलं. पहिला बदल आर वन, म्हणजे रिव्हिजन वन, दुसरा आर टू. ड्रॉइंग साइटवर गेलं की मी त्या ओळीपुढे टिक मारते आणि ओळीला कुलूप लागतं. लोकांना वाटतं ड्रॉइंगलाच कुलूप लागलं. कसलं काय! कुलूप ओळीला. वरच्या भिंती कोणीही उचलून इकडच्या तिकडे ठेवाव्यात, सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. नंबर वाढवायचा की नाही हे माणसानं ठरवायचं असतं, आणि आमच्याकडे ते साहेब, म्हणजे ऑफिसचे मालक, ठरवायचे.

साहेबांना नंबर वाढलेला खपत नसे. बिल्डरला चौथा नंबर दिसला की तो विचारतो, तुमचं अजून ठरत नाही का? मग साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. म्हणून छोटा बदल असला की त्याच नंबरावर गुपचूप करायचा, असा रिवाज पडला होता. मी एकदोनदा कुरकुरले होते. "अगं, एवढ्याशा बदलाला कशाला बँडबाजा," ते म्हणाले होते, आणि मी गप्प बसले होते. गप्प बसायची मला चांगली सवय होती.

घाटकोपरला एका जुन्या सोसायटीच्या जागी आमची इमारत उठत होती. तिथला सुपरवायझर कंत्राटदाराचा माणूस. जालन्याकडचा, पन्नाशीचा, राहायला वाकोल्याला. पहिल्या भेटीत त्यानं सगळ्यांसमोर मला "जय भीम, ताई" म्हटलं. ड्रॉइंगच्या पोचपावतीवर माझं आडनाव त्यानं वाचलं होतं. मी आधी साहेबांकडे बघितलं आणि मग हळू आवाजात उत्तर दिलं. इतकी वर्षं नोकरी केलेली बाई, आणि हळू आवाजात! घरी येईपर्यंत मला स्वतःची लाज वाटत होती.

हा माणूस ड्रॉइंग वाचायचा. आमच्या ऑफिसातली निम्मी मुलं वाचत नाहीत एवढं नीट वाचायचा. प्रिंट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा, शटरिंगच्या फळ्या लावायच्या आधी टेप दोनदा धरायचा, शंका आली तर फोन करून माझं डोकं खायचा. "ताई, इथं नऊ इंच आहे की सहा? तुमचा प्रिंटर पुसट मारतो." मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

चौथ्या मजल्याचं आर थ्री मी त्याला पाठवलं. कागदावर, ऑफिसचा शिक्का, माझी सही. आठ दिवसांनी बिल्डरला एका फ्लॅटच्या बाथरूमचं दार दुसऱ्या बाजूला हवं झालं. दार फिरलं, त्याबरोबर पाइप खाली जायला स्लॅबमध्ये सोडायचं भोक दीड फूट सरकलं. मुलांनी ड्रॉइंग बदललं आणि मी आर फोरची ओळ टाकायला घेतली, तर साहेब मागे उभे.

"नंबर नको वाढवूस. आर थ्री फायनल असं मी बिल्डरला सांगून बसलोय. त्याच नंबरावर जाऊ दे."

"सर, आर थ्री साइटवर गेलंय."

"मग हे नवीन ड्रॉइंग साइटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाक ना. बघतील."

मी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि ओळ पुसली. फाइल सेव्ह करताना कॉम्प्युटरनं विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? मी हो म्हटलं. जुनं आर थ्री ऑफिसातून पुसलं गेलं. नवीन मी साइटच्या ग्रुपवर टाकलं, काय बदललं ते न लिहिता. पाच मिनिटांत सुपरवायझरचं उत्तर आलं, "आर थ्री आहे माझ्याकडे, ताई." बरोबरच होतं त्याचं. नंबर तोच, तारीख तीच, कोण कशाला उघडून बघेल? मी ते उत्तर वाचलं. वाचून फोन केला नाही. हे मी कोणापासून लपवत नाही. तो एक फोन केला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

स्लॅब भरला. शटरिंग निघालं, प्लंबर पाइप घेऊन वर गेला, आणि भोक दीड फूट लांब. वाट लागली.

शुक्रवारी सकाळी साइटवर बोलावणं आलं. गाडीत साहेब अगदी शांत होते. "नवीन प्रिंट घेतलीस ना? तेवढीच काढ. नंबर तोच, तारीख तीच, आपण सेफ आहोत. तू काही बोलू नकोस." कुठे खाडाखोड नाही, खोटी तारीख नाही. मी फक्त गप्प बसायचं होतं, म्हणजे जे मला उत्तम येत होतं तेच.

चौथ्या मजल्यावर त्या भोकाभोवती आम्ही उभे राहिलो. कंत्राटदार, सुपरवायझर, साहेब आणि मी. साहेबांनी प्रिंट उघडली. "हे बघा आर थ्री. ग्रुपवर टाकलंय. ही माणसं ड्रॉइंग वाचतच नाहीत, अंदाजानं भोक सोडतात."

ही माणसं म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. मला सांगायची गरजही नव्हती. माझ्या कानशिलात गरम झालं.

कंत्राटदारानं वर न बघताच सुपरवायझरला सांगितलं, "मंडे से तू मत आना." इतकंच. चहा नको म्हणावा तसं.

सुपरवायझरनं वाद घातला नाही. पिशवीतून आपली प्रिंट काढली, उलगडली आणि साहेबांच्या नाही, माझ्या हातात दिली. "ताई, तुमची सही आहे," एवढंच म्हणाला. कागदावर सिमेंटचे डाग होते. पेन्सिलनं त्यानं भोकाची मापं दोनदा तपासून बरोबरच्या खुणा केल्या होत्या. ऑफिसातलं मी पुसलेलं ड्रॉइंग जगात एवढ्याच एका कागदावर उरलं होतं. साहेब माझ्याकडे बघत होते आणि मी गप्प बसणार अशी त्यांची खात्री होती. त्या खात्रीनंच माझं डोकं फिरलं.

"दोन्ही आर थ्री आहेत," मी म्हटलं. "पहिलं मीच दिलं, दुसरंही मीच दिलं. आत बदल केला आणि नंबर वाढवला नाही. यांनी जे हातात होतं त्याप्रमाणे इंचाइंचानं बरोबर काम केलंय. मापं बघा. चूक आमच्या ऑफिसची आहे, त्यात माझीसुद्धा आहे. यांची नाही."

"अगं, तू काय बोलतेयस?" साहेब म्हणाले.

"जे झालं ते बोलतेय, सर. नंबर वाढवू नको असं तुम्ही सांगितलंत आणि मी ऐकलं."

कंत्राटदारानं दोन्ही कागद शेजारी धरून बघितले. माणूस कोरडा, पण खुळा नव्हता. "मॅडम, ये लिख के दोगे? आपके ऑफिस से लिख के आएगा तो ये आदमी रहेगा. नहीं तो मुझे किसी को तो निकालना पडेगा."

"आज संध्याकाळच्या आत," मी म्हटलं. विचारायला थांबले असते तर हिंमत गेली असती.

गाडीत बसून आम्ही अंधेरीला परत निघालो. मुलीची बारावी, नवऱ्याची कंपनी कधी बंद होईल याचा नेम नाही, सगळं आठवत होतं. भीती वाटत होती हो, न वाटायला मी काय दगड आहे? पण "ही माणसं" या दोन शब्दांचा राग भीतीपेक्षा जास्त होता.

ऑफिसात येऊन पाणीही न पिता मी आर फोरची ओळ उघडली. काय बदललं त्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं, अर्थ असा: पाइपांचं भोक दीड फूट सरकवलं. आर थ्री या एकाच नंबराखाली दोन वेगवेगळी ड्रॉइंग साइटवर गेली. स्लॅब पहिल्या ड्रॉइंगप्रमाणे बरोबर भरलेला आहे. चूक ऑफिसची. पाठवणाऱ्याच्या रकान्यात माझी आद्याक्षरं.

साहेब मागे येऊन उभे राहिले, चष्मा वर करून वाचलं. "हे ड्रॉइंगवर छापून जाणार?"

"हो सर."

"बिल्डर वाचेल."

"वाचू दे."

"ती ओळ काढ."

"नाही काढणार."

बावीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा नाही म्हटलं. आजूबाजूच्या पोरांनी कानातली बोंडं काढली. मी खुर्चीतून उठले आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "तुम्ही काढा, सर. अवघड नाही. ही ओळ पुसायची, तुम्हाला हवं ते लिहायचं. फक्त पाठवणाऱ्याच्या रकान्यात माझी अक्षरं ठेवू नका, तुमची टाका."

ते बसले. माउसवर हात ठेवला. त्या रकान्यात कर्सरची उभी रेघ लुकलुकत होती आणि त्यांना आपली दोनच अक्षरं टाकायची होती. मी तिथून हलले नाही. त्यांच्या कपाळाला घाम आला होता आणि मला अजिबात वाईट वाटत नव्हतं.

"राहू दे तुझीच," शेवटी ते म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. त्यांना वाटलं असावं, चुकीखाली माझंच नाव राहिलं, मला अडकवलं. मी बसले, टिक मारली, ओळीला कुलूप लागलं. प्रिंट काढून शिक्का मारला आणि ड्रॉइंग कंत्राटदाराला पाठवलं, सुपरवायझरला पाठवलं, आणि बिल्डरलाही पाठवलं.

शनिवार-रविवार मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. सोमवारी साडेनऊला ऑफिसात डबा ठेवत असतानाच फोन वाजला.

"ताई, आलोय कामावर," सुपरवायझर म्हणाला. "गेटवर थांबवलं होतं. तुमचा कागद बघितला मग आत घेतलं."

"करा काम," मी म्हटलं.

फोन ठेवून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदानं नाही, रागानं. दोनदा टेप धरून काम करणाऱ्या माणसाला स्वतःच्या साइटवर आत घ्यायला ऑफिसचा कागद लागला. त्याची मापं बरोबर होती, ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, ती कोणाला पुरली नाहीत. तोंड धुऊन मी बाहेर आले, तर साहेब दारातच उभे होते. बरं वाटत नसेल तर घरी जा, म्हणाले. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, पाचव्या मजल्याचं ड्रॉइंग द्या.