पांढऱ्या पट्ट्यापलीकडचा बार

लूडी व्हार्नाडो चिडली की आधी टोपी काढायची. नारिंगी टोपी मांडीवर आपटायची, आणि मग आवाज. मी उमेदीची वर्षं तंबूतल्या फिरत्या नाटक कंपनीत घालवली. शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यापर्यंत शब्द पोचावा म्हणून पोटातून बोलायला शिकलो. लूडीला हे कुणी शिकवलं नव्हतं. हॉर्सपेनच्या दलदलीच्या या काठावरून ती ओरडली की त्या काठावरची माणसं तोंडातली तंबाखू थुंकून ताठ उभी राहायची.

एरवी ती शाळेची बस चालवायची. तिच्या बसमध्ये पोरं देवळात बसल्यासारखी बसत. हरणांचा मोसम आला की शनिवारी आमच्या शिकार क्लबचा हाका तिच्या ताब्यात. हे काम आधी तिच्या वडिलांचं होतं. म्हाताऱ्याने जाताना हाक्यात कुत्र्यांना बोलवायचं शिंग थोरल्या मुलाला, रूफसला न देता लूडीच्या हातात ठेवलं. रूफस हटोने (लूडीचंही माहेरचं आडनाव हटोच) ते हसत मान्य केलं. त्याला बार टाकायला आवडायचं. पहाटे उठून कुत्र्यांची घाण काढायला नाही. पण नेम म्हणाल तर आमच्या पंचक्रोशीत त्याच्यासारखा दुसरा नव्हता. लूडीला बंदूक धरायला त्यानेच शिकवलं. ती त्याला बब्बा म्हणायची. आमच्याकडे थोरल्या भावाला तेच म्हणतात.

आमची शिकार झाडावर बसून दुर्बिणीतून करायची नव्हे. इथली झाडी अशी की समोरचा माणूस दिसत नाही. कुत्री हरिण उठवतात, ते कच्चा रस्ता ओलांडून जातं, आणि त्या एका झेपेत काय करायचं ते करायचं. म्हणून दुनळी बंदूक आणि बकशॉट, म्हणजे वाटाण्याएवढे मोठे छर्रे. जवळून ते मुठीसारखे एकत्र लागतात आणि हरिण जागेवर पडतं. लांबून ते विखुरतात. मग एखादाच छर्रा पोटात शिरतो, हरिण पळत राहतं आणि कुठल्यातरी जाळीत दिवसदिवस तडफडत मरतं.

म्हणून लूडीचा पांढरा पट्टा. मोसमाआधी ती रंगाचा डबा घेऊन एकटी हिंडायची. प्रत्येक शिकाऱ्याच्या नाक्यासमोर, म्हणजे त्याच्या उभं राहायच्या जागेसमोर, जिथे छर्ऱ्यांची मूठ सुटते तिथल्या झाडाला पट्टा मारायची. हरिण पट्ट्याच्या अलीकडे असेल तर बार टाका. पलीकडे असेल तर बघा, देवाचे आभार माना आणि बंदूक खाली ठेवा.

दुसरा रिवाज तिच्या आजोबांपासूनचा. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा सोगा कापायचा, त्यावर त्याचं नाव लिहायचं आणि क्लबच्या भिंतीला ठोकायचा. भिंत भरून चिंध्या होत्या. माझ्याही होत्या, आणि मला त्यांचा अभिमान होता. रूफसची मात्र एकही नव्हती.

त्या शनिवारी धुकं होतं. मी क्लबात चुलीवर कोंबडी-भाताचा पर्लो ढवळत होतो. भाताच्या जुन्या खाचरांच्या बाजूने दोन बार ऐकू आले. तो रूफसचा नाका. थोड्या वेळाने रूफस आला तोच शर्ट पँटीबाहेर काढून.

"कापा लेकहो!" तो म्हणाला. "म्हातारा चुकला!"

क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. मग जो गिल्ला झाला! हॉयट क्रॉस्बीचा स्वतःचा तुकडा दर वर्षी भिंतीवर जायचा. तो चाकू घेऊन नाचायलाच लागला.

"मिस्टर रूफस, हा दिवस बघायला माझा बाप जिवंत हवा होता!"

"तुझा बाप असता तर भिंतीवर त्याच्याच चिंध्यांना जागा पुरली नसती," रूफस म्हणाला. "काप. आणि सरळ काप, दाढी करतोस तशी नको."

सोगा कापला, ठोकला, टाळ्या झाल्या. मीही पळी आपटून दाद दिली. एवढ्यात लूडी कुत्री घेऊन दारात आली. तिने भिंत पाहिली, भाऊ पाहिला, आणि खाली वाकली. क्वीनी नावाच्या कुत्रीच्या छातीवर रक्त होतं.

"हे कुणाचं?"

"काटा लागला असेल," रूफस म्हणाला.

लूडीने कुत्रीच्या छातीवरून बोटं फिरवली. जखम नव्हती. तिने टोपी काढून मांडीवर आपटली.

"बब्बा, बंदूक घे. चल."

"अगं, चुकलो म्हणतोय ना! सोगा कापून झाला."

"चुकला असशील तर चालून यायला काय होतंय? हिरो, तूही चल. ओढायचा दोर घे."

नाटकवाला म्हणून ती मला हिरो म्हणायची. त्या दिवशी मात्र त्यात थट्टा नव्हती. तिघं नाक्यावर गेलो. दोन रिकामी काडतुसं गवतात पडली होती.

"कुठे होतं हरिण?"

"तिथे. पट्ट्याच्या जरा अलीकडे."

लूडी पट्ट्याच्या झाडापर्यंत गेली, जमीन पाहिली, पुढे गेली. पुढे, आणखी पुढे. पडलेल्या सायप्रसच्या खोडापाशी ती थांबली. धुकं तोवर विरलं होतं. पट्ट्याचा पाईन आमच्या समोर होता आणि त्यावरचा पांढरा रंग दुधासारखा चमकत होता. लूडी त्याच्या कितीतरी पलीकडे उभी होती.

"बब्बा!" ती तिथून ओरडली. "मी पट्ट्याच्या झाडापाशी आहे. बरोबर?"

"मग! तिथेच होतं ते!" रूफस ओरडला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो डोळे बारीक करून हसरा चेहरा करत होता. लूडी परत आली ती वादळासारखी.

"तुला दिसत नाही."

"धुकं..."

"धुकं कधीच विरलंय! कधीपासून दिसत नाही?"

"उन्हाळ्यापासून," तो पुटपुटला. "सांगितलं असतं तर बंदूक काढून घेतली असतीस."

"काढलीच असती! तिथे पाचोळ्यावर रक्त आहे, आणि त्यात पोटातला हिरवा चोथा आहे. पोटात लागलंय त्याला. तुला ठाऊक होतं?"

रूफसने वाकून रिकामी काडतुसं उचलली.

"कुत्र्यांच्या आवाजावरून तुला कळतं. लागलेल्या हरणामागे क्वीनी कशी ओरडते ते तूच मला शिकवलंस. ठाऊक होतं की नव्हतं?"

"होतं."

"आणि तू शर्ट पुढे केलास. हसलास!" तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "नेम कुणाचाही चुकतो, बब्बा. डोळे सगळ्यांचेच जातात. पण ते तिकडे पडलंय आणि तू इथे जोक मारून टाळ्या घेतोयस?"

हरिण मर्टलच्या झुडपांच्या जाळीत सापडलं. नुकती शिंगं फुटलेला नर. बसला होता, मान वर होती, आणि आम्हाला पाहूनही उठला नाही. लूडीने भावाच्या हातातली बंदूक घेतली, जवळ गेली आणि त्याला एका बारात संपवलं. रूफसने टोपी काढली. तिने तिकडे पाहिलंही नाही. तिने बंदूक मधून उघडली, नळीखालचा लाकडी दस्ता खेचून काढला आणि स्वतःच्या जाकिटात कोंबला. उरलेली बंदूक त्याच्या हातात ठेवली. दस्त्याविना ती निव्वळ लोखंड.

"पुढच्या शनिवारी हाक्यात ये. कुत्र्यांबरोबर चाल. कान शाबूत आहेत तुझे."

"मी? रूफस हटो कुत्र्यांमागे होहो करत चिखलात फिरणार?"

"आपला बाप फिरत होता."

तो ट्रकमध्ये बसून निघून गेला. हरिण मी आणि लूडीने ओढत आणलं. क्लबात सगळे ताटं वाढून वाट पाहत होते. लूडीने भिंतीवरचा ताजा सोगा उपटून टेबलावर टाकला.

"तो चुकला नव्हता. त्याने पोट फोडलं होतं. आणि तुम्ही? रूफस हटो चुकला म्हणतो, आणि एकाही शहाण्याला जाऊन जमीन बघावीशी वाटली नाही? चाकू बरा लवकर सापडला!"

"मिस लूडी, आम्हाला काय माहीत..."

"माहीत करून घ्यायचं नव्हतं, हॉयट. मजा येत होती. यापुढे मी नाहीतर दुसऱ्या कुणीतरी जमीन चालून पाहिल्याशिवाय या घरात कुणाचाही शर्ट कापला जाणार नाही. ज्याला पटत नसेल त्याने दुसरा क्लब शोधावा."

माझा पर्लो त्या दिवशी कुत्र्यांनी खाल्ला.

रूफस पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लोक मध्यस्थी करायला लागले. हॉयट म्हणाला, "म्हातारा आहे, मिस लूडी. सख्खा भाऊ आहे. नाक्यावर नुसतं उभं राहू द्या, काडतुसं नका देऊ."

"नुसतं सोंग आणायला उभा करू? हिरोसारखा?" ती म्हणाली. मी ते सोडून दिलं. रागावलेल्या माणसाचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती भावाकडे गेली नाही. रताळ्याचं गोड सारण भरून 'पाय' भाजला, माझ्या हाती पाठवला आणि बजावलं, "मी केला म्हणू नकोस." रूफसने एक घास खाल्ला आणि विचारलं, "अजून चिडलेली आहे?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मीही."

मोसमाचा शेवटचा हाका होता. मी लूडीच्या गाडीत होतो. कुत्री हमरस्त्याच्या दिशेने वळली आणि आम्ही त्यांना अडवायला निघालो. वाटेत कडेला रूफसचा ट्रक उभा होता. थंडीत काच पूर्ण खाली, कोपर बाहेर, मान तिरपी. तो ऐकत होता. लूडीने असा ब्रेक मारला की माझं कपाळ काचेवर आपटलं.

"काय करतोयस इथे?"

"रस्ता सरकारी आहे," रूफस म्हणाला. मग राहवेना. "तुझं ते नवं कुत्रं खोटं भुंकतंय. बाकीची त्याच्या नादाने रस्त्याकडे निघालीत. हरिण कधीच ओढ्याकडे वळलंय. कुत्री आता वळवली नाहीत तर लाकडाच्या ट्रकखाली जातील."

"आणि हे तू कुणाला सांगतोयस? स्टिअरिंगला? उतर!"

"माझी बंदूक..."

"बंदूक मिळणार नाही. पुढच्या वर्षीही नाही, कधीच नाही. माझी कुत्री मरतायत, बब्बा. उतर म्हणते ना!"

तो उतरला. शिव्या देत रस्त्याकडेचा चर ओलांडला, गुडघ्यापर्यंत बुडाला, आणखी शिव्या दिल्या आणि झाडीत शिरला. थोड्या वेळाने आतून त्याची हाळी ऐकू आली, मग कुत्र्यांचा आवाज हळूहळू ओढ्याकडे सरकला.

"ऐकलंत?" मी म्हटलं. "वळली."

"मला कान आहेत," लूडी म्हणाली, आणि गिअर असा टाकला की गाडीने हिसका दिला.