डेल्फ्टला कुठं उतरायचं, कुठं जेवायचं

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बारामतीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. त्या उन्हाळ्यात बावडा आणि अंथुर्णे इथल्या सहा बागायतदारांनी हॉलंडला जाऊन काचेच्या घरांतली शेती बघायचं ठरवलं. सहा जणांत मिळून इंग्रजी होतं ते 'थँक्यू'पुरतं. गटाचे म्होरके बावड्याचे तात्या. साठीचे, द्राक्षं आणि ऊस दोन्ही करणारे. त्यांच्या बायकोला सगळा गाव मामी म्हणायचा. मामींनी जाहीर केलं, "मी बी येनार. ह्यास्नी तितं कोन खायला घालनार?"

सहा पुरुषांत एकटी बाई कशी जाणार, म्हणून आणखी एक बाई हवी झाली, आणि तीही इंग्रजी येणारी. एका रविवारी तात्या जळोचीला आमच्या घरी आले. "बाई, तुमी चला. तुमी बोला, आमी बघतो," ते म्हणाले. माझ्या इंग्रजीनं तोवर पुण्यापलीकडचं जग पाहिलेलं नव्हतं. शाळेला सुट्टी होती, नवरा म्हणाला "जा की," आणि मी गेले.

हॉलंडला ज्या हॉटेलात आमची सोय केली होती, तिथल्या मुलीनं वही उलटीसुलटी करून सांगितलं की तुमच्या खोल्या पुढच्या आठवड्यापासून आहेत. विमानाचा शीण, आठ माणसं, बारा बोचकी. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत भांडायला लागले, तशी ती लाजून म्हणाली की माझ्या आत्याकडे खोल्या आहेत, डेल्फ्ट गावात, कालव्याकाठी.

आत्या म्हणजे सत्तरीच्या विधवा बाई, निवृत्त नर्स. घर जेमतेम एका खोलीएवढं रुंद आणि चार मजले उंच. जिना इतका उभा की हातांनी धरूनच चढावं लागे. तात्यांनी मान वर करून पाहिलं. "घर हाय का कणगी?" ते म्हणाले. मी भाषांतर करायचं टाळलं. आत्याबाईंनी विचारलंच, तेव्हा सांगितलं की धान्याच्या उंच टोपलीसारखं दिसतंय म्हणतात. त्या हसत सुटल्या. हे घर पूर्वी धान्याच्या व्यापाऱ्याचंच होतं म्हणे. सगळ्यात वरच्या मजल्यावर धान्य ठेवत.

दिवसा आम्ही बसनं काचेच्या घरांकडे जायचो. मैलोन्‌मैल काच, आत ढोबळी मिरची माणसापेक्षा उंच वाढलेली. पुरुष मंडळी पानं उलटून बघत, मातीऐवजी काय घातलंय ते चिमटीत घेऊन वास घेत, आणि मी 'ठिबक'ला, 'छाटणी'ला इंग्रजी शब्द शोधत घामाघूम होई. दुपार उलटली की गावात परत. मोठ्या चौकात एका बाजूला आभाळात गेलेलं चर्च, समोर नक्षीदार कचेरी आणि मध्ये खुर्च्या मांडलेले कॉफीवाले. जवळच दुसरं एक जुनं चर्च होतं, त्याचा मनोरा चांगलाच कललेला. मामी त्याच्या खालून जायला तयार नसत. लांबून वळसा घालायच्या.

पहिल्या दिवशी कॉफी आली ती इवल्याशा कपात, आणि सोबत बिस्किट एकच. तात्यांनी वाट पाहिली. "बाकीची बिस्किटं मागनं येत्यात का?" त्यांनी विचारलं. येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी त्या एकाचेच दोन तुकडे केले. मामींनी मात्र कॉफी बशीत ओतली, फुंकली आणि आवाज करत प्यायल्या. मी ओशाळून इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावरचे एक म्हातारे गृहस्थ आमच्याकडेच बघत होते. ते उठून आले आणि मला म्हणाले, "माझे आजोबा अशीच प्यायचे. मग लोक सुधारले." त्यांनी आपली कॉफी बशीत ओतून प्यायला सुरुवात केली. पुढचे सगळे दिवस ते त्याच वेळी तिथं असायचे. मामींना बघितलं की बशी उचलून दाखवायचे.

खाण्याचं मात्र कठीण झालं. घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिसऱ्या दिवशी संपली. तात्या मांसमच्छी खात नसत. बाजारात लोक मान मागे टाकून कच्चा मासा शेपटीला धरून तोंडात सोडताना त्यांनी पाहिले आणि त्या दिवशी पाणीसुद्धा प्यायले नाहीत. मग पाव, चीज, सफरचंद. पुन्हा पाव.

चौथ्या दिवशी संध्याकाळी स्टेशनकडच्या गल्लीत मामी एकदम थांबल्या. "फोडनी," त्या म्हणाल्या.

मला काहीच वास येत नव्हता. मामी मात्र पदर खोचून नाकाच्या दिशेनं निघाल्या आणि आम्ही सात जण मागे. एक छोटंसं दुकान होतं. काचेवर रोमन अक्षरांत 'रोटी' लिहिलेलं. आत आमच्यासारखीच सावळी, चाळिशीची बाई तवा तापवत उभी. आम्हाला पाहून तिच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं.

"तू लोग हिंदुस्तान से आइल?" तिनं विचारलं.

हिंदी होती, पण वेगळीच. हळूहळू उलगडलं. ती हिंदुस्थानात कधीच आली नव्हती. तिच्या आज्याचा बाप जहाजात बसून पार दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेला होता. तिथून ती हॉलंडला आली.

"कशाला गेल्ते आजं तितं?" तात्यांनी विचारलं.

"गन्ना काटे," ती म्हणाली.

तात्या खाली बसले. "ऊसतोडीला," ते इतरांकडे वळून म्हणाले. "ऊसतोडीला गेल्ते, एवढ्या लांब." आमच्याकडे दर हंगामाला टोळ्या येतात, राहायला कोप्या पडतात, हंगाम संपला की बैलगाड्या माघारी जातात. माघारी न गेलेली टोळी आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

त्या बाईनं डाळ भरलेल्या पोळ्या, बटाट्याचा रस्सा आणि लांब चवळीच्या शेंगांची भाजी वाढली. बाजूला पिवळ्या मिरचीचा ठेचा. जपून खा, असं तिनं दोनदा सांगितलं. तात्या म्हणाले, "आमाला तिखटाचं कवतिक नगा सांगू," आणि बोटभर चाटला. मग डोळ्यांतून पाणी, कानशिलं लाल, आवाज बंद. ती बाई घाबरून दही घेऊन धावली. मामी इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. शेवटी मामी आत शिरल्या आणि दोघी शेजारी उभ्या राहून लाटायला लागल्या. आम्ही पोटभर जेवलो, चार दिवसांचं.

त्या संध्याकाळी खोलीत परतल्यावर (मला आणि मामींना एकच खोली आणि एकच पलंग होता) मामी शिल्लक पोळी घेऊन बसल्या आणि अर्धी माझ्या हातात दिली. मी न ठरवता बोलून गेले, "मामी, आम्ही बावड्याला होतो तेव्हा माझी आई तुमच्या कांद्याच्या रानात खुरपायला यायची. भाकरी बाहेर बांधावर खायची. पाणी वरून ओतायचे."

मामींनी आपली अर्धी पोळी खाली ठेवली. "ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "मीच वतायची. सासूच्या धाकानं, आसं म्हनू व्हय? पर मी बी कंदी न्हाय म्हनले न्हाय." मग म्हणाल्या, "आई हाय का तुजी?"

"आहे. अंथुर्ण्याला, भावाकडं."

"मला ने तिच्याकडं."

तोवर मी 'बाई' होते. त्या संध्याकाळपासून 'पोरी' झाले.

परत आल्यावर आठव्या दिवशी मामी खरोखरच माझ्याबरोबर अंथुर्ण्याला आल्या. आईनं अगोदर बिचकत खुर्ची दिली. मामी खुर्ची सोडून चुलीशी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भाकरी टाक, भूक लागलीया." दोघी संध्याकाळपर्यंत बोलत होत्या. काय बोलल्या ते आईनं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आईचा खुललेला चेहरा मात्र मी पाहिला.

तात्यांनी दोन वर्षांत ढोबळी मिरचीचं शेड उभं केलं. काचेचं नाही, प्लास्टिकचं, पण मिरची तशीच उंच. लोक बघायला येऊ लागले आणि जाणारेही वाढले. जो तो मला विचारी, कुठं उतरायचं, खायचं काय. शेवटी मी एक कागद लिहिला. आत्याबाईंचं घर, जिना जपून, पोटमाळ्याची खोली मागावी. कॉफी चौकात, ऊन असलेल्या बाजूला बसून. बिस्किट एकच येईल. जेवण स्टेशनच्या गल्लीत. ठेचा अगोदर थोडा चाखून बघावा. बारामतीत त्याच्या इतक्या झेरॉक्स निघाल्या की पुढं अक्षरं पुसट दिसायला लागली.

तिसऱ्या वर्षी मामींनी बायकांचाच गट काढला. नऊ जणी, त्यातली एक माझी वहिनी. मला शाळेत परीक्षेचं काम लागलं, जाता येईना. मला काळजी वाटत होती. "मामी, इंग्रजी कोण बोलणार?"

"कागद हाय की तुजा," त्या म्हणाल्या. "आन् त्यात दोन चुका हायत, त्या मी दुरुस्त केल्या."

बारामतीच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. नऊ जणींची बोचकी गाडीच्या टपावर चढत होती. मामी दारात उभ्या राहून एकेकीला मोजत होत्या, आणि कंडक्टर घंटी द्यायला त्यांच्या हुकमाची वाट बघत होता.