मागे सरणाऱ्या मावशी

लाँड्रीत त्यांना सगळेच मावशी म्हणत. मालकही म्हणत, आणि मालक तर त्यांच्याहून वयाने मोठे. हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येत. मावशींचा हात असा बसलेला, की घडीची कड सुरीने कापल्यासारखी यायची. मात्र कुणी अंगाशी येऊन बोललेलं त्यांना मुळीच खपत नसे. नवऱ्याशीसुद्धा त्या स्वयंपाकघरातून बोलायच्या आणि तो बाहेरच्या खोलीतून ओ द्यायचा. संसार सुखाचा चालला होता.

अशात दुसऱ्या देशातून आलेली एक बाई कामाला लागली. तिचं नाव घ्यायला कुणाची जीभ वळेना, म्हणून ती ‘नवी’ झाली. हसतमुख, कामाला वाघ. पण बोलायला आली की नाकाला नाक. मावशी एक पाऊल मागे सरायच्या, नवी एक पाऊल पुढे. इस्त्रीच्या यंत्राशी सुरू झालेल्या गप्पा संपायच्या पार साबणाच्या पोत्यांपाशी. बाकीच्या बाया तोंडावर हात धरून हसायच्या.

“आज कुठवर गेलात, मावशी?”

“भिंत आली म्हणून थांबले!” मावशी करवादायच्या.

मग एके दिवशी नवी बोलायला आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. डबा घेऊन ती कोपऱ्यात एकटीच बसली. खरं तर मावशींना हायसं वाटायला हवं होतं, पण घास गोड लागेना. शेवटी त्या उठल्या आणि बेताचं अंतर ठेवून तिच्यापुढे उभ्या राहिल्या.

“काय गं, बिनसलंय का काही?”

नवीने आधी स्वतःच्या बाहीचा वास घेतला. मग हळूच म्हणाली, “मावशी, मी घाण वास येते?”

“अगं, छे! कुणी सांगितलं तुला?”

“तुम्ही. रोज पळते.”

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “माझं सगळ्यांशीच तसं आहे गं. समोरच्याला हात हलवायला जागा ठेवावी, असं माझी आई म्हणायची.”

“माझी आई म्हणते, लांब उभं म्हणजे भांडण.”

मग मावशींनी टेबलाची कड घट्ट धरली. “ये. बोल कशी बोलतेस ती. हलायची नाही मी.”

नवी आली, नाकाला नाक लावून उभी राहिली, आणि काळजीने म्हणाली, “मावशी, श्वास घ्या.”

मावशींना असं हसू फुटलं की मालक बाहेर आले.

त्या दिवसापासून मोठ्या चादरींच्या घड्या दोघी मिळून घालू लागल्या. टोकं जुळवताना जवळ यायचं, ताणताना लांब जायचं. लांब असताना मावशी बोलायच्या, जवळ आल्यावर नवी. दोघींचंही भागायचं.

पुढे नवीची आई लेकीकडे राहायला आली आणि एकदा लाँड्री बघायला आली. बुटकी म्हातारी थेट मावशींपुढे जाऊन उभी राहिली. दोघींमध्ये हात शिरायलाही जागा नव्हती. मावशींचे पाय मागे जायला शिवशिवत होते, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. म्हातारी काहीतरी पुटपुटली.

“काय म्हणतात गं?”

नवी संकोचून हसली. “आई विचारते, मावशी एवढ्या लांब का उभ्या?”