गोदाबाईच्या आवाजाचा मालक कोण?

तिसरी स्ट्राइक आली तेव्हा मी एका नवरदेवाच्या कपाळावरचा घाम कॉम्प्युटरवर पुसत बसले होते. मेल वाचला आणि नवरदेवाला तसाच अर्धा घामेजलेला सोडून उठले. "लाजा कशा वाटत नाहीत मेल्यांना!" मी मोठ्यानं म्हणाले. पासपोर्ट फोटोसाठी ताठ बसलेले एक गुरुजी दचकले. त्यांना म्हटलं, तुम्हाला नाही हो सर.

रिसोडला माझा स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग, एडिटिंग, आणि चार-दोन लोकांचे व्हिडिओ चॅनल सांभाळणं हे माझं काम. त्यातलं एक चॅनल केनवडच्या वत्सलाकाकूंचं. काकूंचा भाजीपाल्याचा मळा आहे. सांभार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात) आणि मेथीच्या जुड्या बांधता बांधता काकू आणि त्यांची धाकटी जाऊ गोदाबाई भुलाबाईची गाणी म्हणायच्या. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पोरी-बाया घरोघरी जमून म्हणतात, ती ही गाणी. मी मळ्यातच कॅमेरा लावून ती रेकॉर्ड केली होती. मागच्या उन्हाळ्यात गोदाबाई वारल्या.

आता स्ट्राइक म्हणजे काय ते सांगते. कोणीतरी साइटला कळवतं की या व्हिडिओत माझा माल चोरून वापरलाय. साइट व्हिडिओ काढते आणि चॅनलवर एक ठपका ठेवते. तीन ठपके पडले की आठवड्याची मुदत मिळते. तेवढ्यात मिटलं नाही, तर अख्खं चॅनल कायमचं बंद. नवीन उघडायचीही मनाई.

तक्रार मुंबईच्या एका म्युझिक एजन्सीची होती. आधी त्यांनी आमच्या तीन गाण्यांवर नुसता हक्क सांगितला. मी हरकत घेतली. त्यांनी ती फेटाळली आणि तिन्ही गाण्यांवर स्ट्राइक मारल्या. त्यांचं म्हणणं, गाणी त्यांच्या 'डीजे जीके' नावाच्या कलाकाराची. हा कोण सोम्यागोम्या, मला माहीत नव्हतं.

केनवडला गेले. काकू मळ्यातच होत्या. सगळं सांगितलं आणि धीर द्यायला म्हटलं, "काळजी करू नका. सगळी गाणी माझ्याकडे आहेत. तुमच्या फोनमध्ये टाकून देते."

"मले एकलीले काय करायचं?" काकूंनी हातातली जुडी खाली टाकली. "गोदीले सारा मुलूख आयकते. कुठकुठल्या पोरी खाली लिहितात, मावशी, तुमचा आवाज गोड आहे. थे बंद झालं तं गोदी पुन्हा मेली ना, बाई!"

आणि त्या रडायलाच लागल्या. मग रागारागानं मी त्या डीजे जीकेचं गाणं काढलं आणि मोठ्यानं लावलं.

आधी धाडधाड बीट. त्याच्याखाली आमच्या तिन्ही गाण्यांचे तुकडे आणि ओळखीचे दोन आवाज. मग बीट थांबली आणि काकूंचाच आवाज घुमला: "गोदे, म्हैस सुटली! सुटली! सुटली!" आणि पुन्हा धाडधाड सुरू.

आमच्या रेकॉर्डिंगच्या वेळी खरंच म्हैस सुटली होती आणि काकू मधेच ओरडल्या होत्या. ते मी व्हिडिओत ठेवलं होतं. म्हणजे ज्याला ते स्वतःचं मूळ गाणं म्हणत होते, ते माझ्याच रेकॉर्डिंगवरून उचललेलं. मी म्हटलं, झालं काम! एवढ्या पुराव्यावर मुंबईवाल्यांना उभं-आडवं झोडपते.

काकू डोळे पुसून म्हणाल्या, "अवं, हा तं आपल्या गज्याचा डीजे होय. शेजारच्या पोराच्या वरातीत यानं हेच वाजवलं. लय नाचले लोकं."

गजानन म्हणजे गोदाबाईचा मुलगा. जीके म्हणजे गजानन केनवडकर. मी कपाळावर हात मारला.

गजाननला बोलावलं. बायको-लेकरं असलेला गडी, पण माझ्यापुढे शाळेतल्यासारखा उभा राहिला. "ताई, म्या चोरी नाई केली. मायचा आवाज वरातीत वाजावा, लोकायनं तिच्या आवाजावर रील बनवावं, मनून एका ॲपवर टाकलं."

"टाकताना फॉर्मवर खुणा कशा-कशावर केल्या?"

"जेवढे चौकोन होते तेवढ्याइवर. एकही सुटला तं फारम वापस येते ना?"

आमच्या भागात सरकारी योजनांचे फॉर्म भरून भरून लोकांना हीच सवय लागली आहे. रिकामा चौकोन दिसला की भरायचा. त्यातला एक चौकोन होता, 'या ध्वनीचा एकमेव मालक मीच'. त्यावर खूण झाली की ॲप ते गाणं एजन्सीकडे पाठवतं, एजन्सीची मशीन त्या आवाजाचा ठसा घेते आणि जिथे जिथे तो सापडेल तिथे हक्क सांगते. मशीनला मूळ कोणतं, नक्कल कोणती, ते कळत नाही. तिनं पोराच्या नावानं आईलाच चोर ठरवलं होतं.

मी तिथूनच एजन्सीला फोन लावला.

"मॅडम, आमच्या सिस्टिममध्ये ओनर डीजे जीके आहेत."

"ते ओनर माझ्यासमोर चहा पितायत. देऊ का?"

मग एजन्सीच्या बाईंनी सांगितलं की ओनरनं मेल करावा. स्ट्राइक मागे घेता येतील, पण मग गाणं मशीनमधूनही काढावं लागेल. तसं केलं तर कुणीही ते वापरेल, आम्ही अडवणार नाही.

इथे गजानन अडला. "मंग कोनताही डीजे माह्या मायचा आवाज तोडन-मोडन. मले नाई पटत."

"अरे, तू काय केलंस मग? आरती?" माझा तोल गेला. "शब्द-चाल जुनी, ती कुणाचीच नाही. मधल्या नव्या ओळी तुझ्या आईच्या. रेकॉर्डिंग मी केलं, ते कायद्यानं माझं. तुझी फक्त धाडधाड!"

काकू एकदम माझ्यावरच उलटल्या. "आमच्या तोंडातून निघालं अन् तुह्यं कसं वं? मशीन तुही मनून?"

याला उत्तर होतं. कायद्याचं कलमही सांगता आलं असतं. पण त्या मळ्यात उभं राहून माझी जीभ रेटली नाही.

मग काकू गजाननजवळ गेल्या. "पाह्य बापा, गोदीले हे गाणे रिठदच्या तिच्या मायनं शिकवले. तिनं कोनाले इचारलं होतं? गोदीनं तं रस्त्यानं जानाऱ्या पोरीले बलावून शिकवले. तिच्या आवाजाले तू कुलूप लावून राह्यला. काहून?"

गजानननं खिशातला फोन काढून मेल उघडला. मग त्यानं फोन माझ्या हातात दिला. "लिहा ताई, काय लिहाचं थे."

मुदत संपायच्या आत स्ट्राइक मागे घेतल्या गेल्या. तिन्ही गाणी परत दिसू लागली. गजाननचं गाणंही राहिलं, फक्त मशीनमधून निघालं. काकूंनी सांभाराची एवढी मोठी जुडी पाठवली की शेजारपाजारी वाटावी लागली.

काही दिवसांनी गजानन तणतणत स्टुडिओत आला. हिंगोलीकडच्या कुण्या डीजेनं गोदाबाईच्या आवाजावर आणखी जोरात बीट टाकली होती. "पाहा, म्या मनलं होतं ना! हाना याले स्ट्राइक!"

मी ते गाणं उघडलं. खाली त्या डीजेनं लिहिलं होतं, 'आवाज : गोदाबाई आणि वत्सलाबाई, केनवड'. मग शेजारी गजाननचं उघडलं. त्याच्याखाली फक्त 'डीजे जीके' होतं.

गजाननचा चेहरा पडला. खुर्ची ओढून तो बाजूला बसला आणि हळूच म्हणाला, "ताई, हे आता बदलता येते का?"

"येतं."

"मायचं नाव पयले टाका. माह्यं खाली."

तेव्हापासून कुणाचंही गाणं अपलोड करताना मी आधी विचारते, आवाज कोणाचा? ते नाव लिहून झाल्यावरच चौकोनांकडे वळते. आणि त्यातले बरेचसे रिकामे सोडते. आजवर एकही फॉर्म परत आलेला नाही.