शांतूची खूण आणि भोकरदनचं पाणी

नगरच्या स्टँडवरून औरंगाबादची गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर दशम्यांचा डबा होता आणि शेजारी माझा धाकटा भाऊ शांतवन डोळे मिटून बसला होता. पाहणाऱ्याला वाटावं, झोप लागली. पण मला ठाऊक होतं, तो प्रार्थना करतोय. आमचा शांतू चप्पल घेतानाही प्रार्थना करतो, आणि दुकानदार फळ्या लावायला लागला तरी याला उत्तर आलेलं नसतं.

आम्ही मुलगी पाहायला निघालो होतो. भोकरदनच्या पुढे पिंपळगाव रेणुकाई म्हणून गाव आहे, तिथल्या पौलस मास्तरांची करुणा. जालन्याच्या एका दवाखान्यात नर्स, सुट्टीवर घरी आलेली. याआधी जितक्या मुली पाहिल्या तितक्या घरी शांतू "प्रार्थना करून कळवतो" असं सांगून आला आणि कळवलं कधीच नाही. त्यातल्या बहुतेक आता लेकुरवाळ्या झाल्यात. आईवडील गेल्यावर याला मी वाढवलं, तेव्हा पाळकांपासून शेजारणीपर्यंत सगळे जाब मलाच विचारत. निघताना मी त्याला बजावलं होतं की या वेळी 'कळवतो' म्हणालास, तर पुढची मुलगी तुझी तू पाहा. मी यायची नाही.

"या वेळी तसं होणार नाही, ताई," औरंगाबादला गाडी बदलल्यावर तो म्हणाला. "मी प्रभूकडे खूण मागितलीय."

रविवारच्या शाळेत आम्ही लहानपणी एक गोष्ट ऐकलेली. धन्याच्या मुलासाठी मुलगी पाहायला निघालेला एक चाकर विहिरीजवळ उंट बसवतो आणि देवाला म्हणतो, जी मला पाणी देईल आणि उंटांनाही पाजीन म्हणेल, तीच तू नेमलेली. शांतूने ही अट जरा कडक करून घेतली होती. आपण पाणी मागायचंच नाही. न मागता देईल ती.

"आणि उंट?" मी विचारलं.

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "उंटाच्या जागी तुला धरलंय."

मोठा दुष्काळ सरून एकच पावसाळा झाला होता. त्या भागात परक्याला न मागता पाणी कोण देतंय, म्हणजे खूण पक्की, असा त्याचा हिशेब. सिल्लोड मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली शेतं सुरू झाली. भोकरदनला उतरलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. केळणा नदीच्या वाळूत बायका झिरे (पाण्यासाठी खणलेले खड्डे) उपसत होत्या. पिंपळगावची गाडी निघून गेली होती.

दुसरी गाडी कधी, हे विचारायला शांतू एका बांगड्यांच्या दुकानाशी गेला. आत एक म्हातारी मुसलमान बाई बसली होती. याने तोंड उघडलं तोच तिने कटोरा पुढे केला.

"पैले पानी पियो बेटा, बाद में पूछना." मग माझ्याकडे वळून दुसरा कटोरा भरला. "तुम भी लेव. रिश्ता देखने आए क्या?"

शांतू पाणी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "खूण तर बराबर पटली," मी हळूच म्हटलं. "वय थोडं जास्त आहे इतकंच." पुढे रसवंतीवाल्याने रसाआधी पाणी ठेवलं, शिंप्याने सावलीत बसवून पाणी दिलं. दुष्काळातून नुकतेच उठलेले हे लोक, आणि पाणी देताना कुणाचा हात आखडला नाही. मला भरून आलं. शांतूचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

शेवटी पिंपळगावला निघालेल्या एका बैलगाडीत जागा मिळाली. गाडी खरात गुरुजींची. शाळा आणि शेत दोन्ही सांभाळणारे, गाडीच्या फळीला बाबासाहेबांचं चित्र लावलेलं. आम्ही बसायच्या आतच त्यांनी तांब्या पुढे केला. "पाणी पिऊन घ्या, मंग बसा. ऊन लय हाय."

मला हसू आवरेना. मग त्यांना सगळं सांगणं आलंच.

गुरुजींनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं. "आमचं सोपं हाय," ते म्हणाले. "आमी बुद्धाकडं आलो तवापासून देवाला इचारायचंच बंद केलं. चुकलं तर आपलंच चुकलं."

गावाबाहेरच्या विहिरीशी त्यांनी बैल सोडले. काठावर पदर खोचलेली एक मुलगी पाणी ओढत होती. शेजारी दोन म्हाताऱ्या रिकामे हंडे घेऊन उभ्या. शांतू वाकून विहिरीचा तळ बघत होता.

"अहो, उभेच आहात ना? मंग हा दोर धरा," ती म्हणाली. "आजीचे हंडे राह्यलेत."

शांतूने दोर धरला. म्हाताऱ्यांचे हंडे भरले, तिचा भरला, आणि मग ती म्हणाली, "आता बैलांसाठी." त्याने तेही ओढलं. ती हंडा कमरेवर घेऊन गेली. जाताना आम्हाला ओंजळभरही पाणी विचारलं नाही. गुरुजी मिशीत हसत होते, ते का, हे मास्तरांच्या उंबऱ्याशी कळलं. दारात तीच उभी होती.

पाणी आणलं तिच्या आईने. मग शेजारणीने आपल्या घरून आणलं. करुणाने आणली ताटं: ज्वारीच्या भाकरी, पिठलं आणि त्या गावच्या मिरचीचा ठेचा. पहिल्याच घासाला शांतूचे कान लाल झाले. पेला रिकामा, पण अट अशी की मागायचं नाही. तो करुणाकडे बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मास्तरांना वाटलं, पाहुणे फार भाविक आहेत.

"तांब्या तुमच्या हाताशीच हाय की," करुणा म्हणाली.

झालं. सगळ्या तालुक्याने न मागता पाणी दिलं होतं, हिला सोडून. जेवण उरकल्यावर शांतूने हात जोडले. "मास्तर, मी प्रार्थना करून..."

मास्तरांचा अडकित्ता सुपारीवर थांबला. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं असावं. आईने पदर तोंडाशी नेला.

"मागंबी एक जण आल्ते," करुणा दारातून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "प्रार्थना करून कळवतो म्हणून गेल्ते. आई अजून पोस्टमन दिसला की दारात येती. प्रभूला काय इचारायचं ते इचारा. पण मी हितंच उभी हाय, अन् मला कोणी काहीच इचारलं न्हाई."

मला उठून तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण उत्तर मी द्यायचं नव्हतं, शांतूने द्यायचं होतं. शांतू आपल्या तळहातांकडे बघत होता. दोराने ते सोलवटले होते. नेहमीसारखे त्याने डोळे मिटले नाहीत.

"मी चालेन का तुम्हाला?" त्याने विचारलं.

तिनेही त्याच्या तळहातांकडे पाहिलं. "हंडे कोणाचे, काही इचारलं न्हाई तुमी. दोर दिला तसे ओढत राह्यलात. चालाल."

मग मास्तरांनी प्रार्थना केली आणि ती चांगलीच लांबली.

परतताना गुरुजींनी विचारलं, "मंग? खूण पटली का?" शांतू म्हणाला, "नाही पटली. लग्न ठरलं." भोकरदनला बांगड्यांच्या दुकानातल्या त्या अम्माने आम्ही काही विचारायच्या आत पुन्हा कटोरे भरले. हा एवढ्या प्रार्थना करून देवाची इच्छा शोधत होता, आणि ही बाई ती दिवसभर कटोऱ्याने वाटत बसली होती, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

करुणा आता नगरच्या दवाखान्यात आहे. दोन पाळ्यांची मरमर करून घरी येते आणि नवऱ्याला पाणी मुळीच देत नाही. शांतूच उठून माठातून पेले भरतो. परवा मी गेले तेव्हा तो दोन पेले घेऊन बाहेर आला. करुणाने हात पुढे केला, तर म्हणाला, "थांब, आधी उंटाला." आणि पहिला पेला माझ्या हातात दिला. मी मागितला नव्हता.