पहिलं बोट भाविकाचं

नरडाण्याजवळच्या एका गावात प्रमिलाबाई बारा वर्षं आशा सेविका आहेत. त्यांच्या शब्दावर बाया पोरांना लस टोचून घेतात. म्हणून मागच्या वर्षी धुळ्याहून पथक आलं तेव्हा बायांना जमवायचं काम त्यांच्याकडेच आलं. पाच वर्षांखालच्या मुलांच्या रक्तात शिसं किती आहे ते तपासायचं होतं. गावातले पंधरा-वीस पुरुष जुन्या बॅटऱ्या फोडायच्या शेडवर कामाला जात; तिथली धूळ घरापर्यंत येते का, ते पथकाला पाहायचं होतं.

शाळेच्या खोलीत बाया जमल्या, पण पुढे कोणी होईना. पोरगं खेळतंय, जेवतंय, मग त्याचं रक्त कशाला काढायचं, असं नातवाला घेऊन आलेली सुंदरबाई म्हणाली. प्रमिलाबाईंनी मग आपलीच नात मांडीवर घेतली. भाविका, अडीच वर्षांची. तिचे हात साबणाने धुतले, पुसले आणि बोट डॉक्टरबाईंपुढे धरलं. पोर रडलीसुद्धा नाही.

तीन मिनिटांनी यंत्रावर आकडा आला. बोटावरची धूळ रक्तात आली असेल म्हणून डॉक्टरबाईंनी हात पुन्हा धुवायला लावून दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं. आकडा तोच, चौतीस. पाचच्या वर गेला तर काळजी, हे प्रमिलाबाईंनीच सकाळी बायांना समजावलं होतं.

"घरातून कोणी शेडवर जातं का?" डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं.

"मुलगा," एवढं बोलून प्रमिलाबाईंनी पुढच्या पोराचं नाव पुकारलं.

त्या दिवशी एकेचाळीस मुलं झाली. प्रत्येकाचं नाव, वय, घर त्यांनी नीट लिहिलं.

धुळ्याला भाविकाचं शिरेतलं रक्त तपासलं, तिथे बत्तीस आलं. एवढ्यावर औषध द्यायचं नसतं, आधी धूळ थांबवायची, असं तिथे सांगितलं. शिशाने मुलांचं बोलणं-शिकणं मागे पडतं, हेही सांगितलं. भाविका बोलायला उशीर करतेय, हे प्रमिलाबाईंना माहीत होतं. काही पोरं उशिराच बोलतात, असं त्या सुनेला, दिपमालाला, वर्षभर सांगत होत्या. मुलाचे, योगेंद्रचे, शेडवरचे कपडे आणि भाविकाची झबली एकाच बादलीत भिजवायच्या त्याही त्याच.

योगेंद्रने अहवालाचा कागद वाचला. मग विचारलं, "मन्हामुळे व्हयनं का हाई?"

"आपला घरमा व्हयनं," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटायला वळल्या.

दुसऱ्या दिवसापासून तो विहिरीवर अंघोळ करून, कपडे बदलूनच घरी येऊ लागला. पोर धावत आली तरी तो दोन पावलं मागे सरायचा. महिन्याभराने त्याने ते काम सोडलं आणि कापसाच्या जिनिंगमध्ये लागला.

आणखी सात मुलांचे आकडे जास्त आले होते. त्या घरी निरोप प्रमिलाबाईंनाच द्यायचा होता. नातवाचा आकडा ऐकून सुंदरबाईने दार लोटून घेतलं. हे शेडवाल्यांच्या कानावर गेलं तर आपल्या मुलाचं तिथलं काम जाईल, असं ती आतून म्हणाली. प्रमिलाबाई ओट्यावर बसून राहिल्या. तिथूनच त्यांनी फक्त आपल्या नातीचा आकडा सांगितला. दार लगेच उघडलं नाही. पण पुढच्या सोमवारी धुळ्याच्या एसटीत सुंदरबाई नातवाला घेऊन चढली आणि त्यांच्या शेजारी बसली.

सहा महिन्यांनी भाविकाचा आकडा अठरावर आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, उतरतोय, चांगलं आहे. प्रमिलाबाईंनी मान हलवली. आनंद व्हायला हवा होता, तो कुठे जाणवेना.

"शाळेत हिला जमेल ना?" त्यांनी विचारलं.

"आत्ता सांगता येणार नाही, बाई. ती शाळेत गेल्यावरच कळेल."

प्रमिलाबाईंनी पुढची तारीख लिहून घेतली आणि भाविकाला कडेवर घेऊन, नातवासह बाहेर थांबलेल्या सुंदरबाईला आत पाठवलं.