शेंगा सोलणाऱ्या दोघी

बाबा गेले आणि आईनं बोलणंच टाकलं. हिंगण्याच्या कंपनीतून लांबलचक रजा काढून मी घरी बसली. आईला डॉक्टरांच्या गोळ्या सुरूच होत्या. "आई, काय होते वं?" मी विचारायची. "काही नाही," ती म्हणायची. बस, तेवढंच.

मग वस्तीतली एक बाई यायला लागली. मन खचलेल्या माणसाजवळ जाऊन बसायचं, त्याचं ऐकायचं, एवढंच तिचं काम; एका संस्थेनं तिला ते शिकवलं होतं. पण ही बाई काही विचारायचीच नाही. ओल्या तुरीच्या शेंगा बाहेरच्या ओट्यावर ओतायची आणि म्हणायची, "सोलू लागा जी काकू, सोलेभात करायचा हाय." दोघी माना खाली घालून सोलत बसायच्या. आणि माझी आई बोलायची! मी चहा घेऊन गेली की चूप. अस्सा जळफळाट व्हायचा माझा! आई माझी, रात्रंदिवस करते मी, आणि मनातलं ऐकायला ही कोण लागून गेली?

एक दिवस मी बाजारातून सोललेले दाणेच आणले. बाई आली तशी वाटी तिच्यापुढे आदळली. "घ्या, आता शेंगांची झंझटच नाही." बाई चहा पिऊन निघून गेली, ती परत आली नाही. आई रिकामे हात मांडीवर ठेवून बसायची. मग तिनं जेवणही सोडलं.

शेवटी झक मारत मीच त्या बाईच्या दारात गेली. म्हटलं, "या ना ताई. शेंगा घेऊनच या."

ती आली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी कान लावून उभी. म्हटलं, आज कळूच दे, हिला असं काय सांगते ते.

आई सांगत होती, "पोरीसमोर मले रडता येत नाही वं. मी रडली का ते घाबरते. अन् बाप तर तिचाबी गेला ना? एक टिपूस नाही काढला पोरीनं अजून. तिलेबी बसव वं इथं."

मी बाहेर गेली. बाईनं थोड्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या. दोघींनीही मान वर केली नाही. पहिली शेंग सोलता सोलताच मला हुंदका फुटला. आई सोलत राहिली, आणि तिनं मला रडू दिलं.